पिकदाणी घासणारा महानायक

इंद्रजाल कॉमिक्समधले वेताळ आणि जादूगार मँड्रेक मराठी बोलायचे, त्यामुळे ते आम्हाला घरचेच वाटत. प्रश्न मात्र पडायचे. भर जंगलातल्या उकाड्यात वेताळ तो अंगाला चिकटलेला पोशाख धुवायला कधी टाकतो? मँड्रेकची उंच टोपी मारामारीतही पडत कशी नाही? असलं काही विचारलं की थोरला भाऊ अंकच काढून घ्यायचा.

अमेरिकेत हार्वी कर्ट्झमनने नेमक्या याच प्रश्नांवर दुकान थाटलं होतं. 1952 साली त्याने ‘मॅड’ हे दहा सेंटांचं कॉमिक काढलं. त्यात मँड्रेकचा मॅनडक झाला आणि फ्लॅश गॉर्डनचा फ्लेश गार्डन. हे अंक पुनर्मुद्रित होऊन माझ्या हाती आले तोवर माझे केस पिकले होते. पण भावाने दाबून टाकलेल्या शंकांना अखेर न्याय मिळाला.

माझी आवडती गोष्ट 1953 मधली ‘सुपरडुपरमॅन’. चित्रं वॉली वुडची. नायक क्लार्क बेंट वर्तमानपत्राच्या कचेरीत आहे, पण बातमीदार नाही. कागद इकडून तिकडे नेणाऱ्या पोऱ्याचा तो मदतनीस. काम काय, तर पिकदाण्या साफ करणं! अंगात डोंगर उचलायची ताकद, पण बढतीच्या यादीत तिला रकाना नाही.

प्रतिस्पर्धी कॅप्टन मार्बल्स. मूळ कॅप्टन मार्वल ही आपल्या सुपरमॅनची नक्कल आहे, म्हणून सुपरमॅनचे प्रकाशक बरीच वर्षं कोर्टात भांडत होते. कर्ट्झमनने तो खटला सरळ रस्त्यावर आणला. मार्बल्सच्या मंत्रात एका बैलाची शक्ती आहे, मग आणखी एका बैलाची, आणि शेवटी पैसा. त्याला कोण आडवं करणार? शेवटी त्याचाच गुद्दा त्याच्याच टाळक्यात बसतो, कारण तेवढ्या ताकदीचा दुसरा गुद्दा उपलब्धच नसतो. वकिलांनी यातून काही बोध घेतला असेल, असं वाटत नाही.

जिंकलेला नायक मग कचेरीत त्याला कायम झिडकारणाऱ्या बातमीदार लोइस पेनला सांगतो, अगं, तो क्लार्क बेंट मीच! ती त्याला तसाच झिडकारते. आधी बावळट होतास, आताही बावळटच आहेस, असा तिचा एकूण निकाल.

हा निकाल मला कोर्टाच्या निकालापेक्षा पक्का वाटतो. त्यावर अपील नाही.