खोक्याचं सीमोल्लंघन

भाच्याला न्यू जर्सीत नोकरी लागली आणि घरात पहिला प्रश्न निघाला तो कॉम्प्युटरचा. "एवढे पैसे घातलेत, तसाच टाकून जायचा?" ताईने विचारलं. त्या पैशांना सात वर्षं झाली होती, पण आपल्याकडे घेतलेली वस्तू जुनी होत नाही, 'आपली' होते.

तिकिटावर 23 किलोच्या दोन बॅगा होत्या. बाथरूमचा वजनकाटा हॉलमध्ये आला. कॅबिनेट अकरा किलो, मॉनिटर पाच. उरलेल्यात मेतकूट, गोडा मसाला, कुकर आणि लोणच्याच्या बरण्या. कुकर की कॅबिनेट, यावर दोन दिवस अबोला झाला. भावोजी तर यूपीएसही न्या म्हणत होते. तिकडे गुरुवारी वीज जात नाही, हे त्यांना पटेना.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा आला. म्हणाला, ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं गुंडाळा, नाहीतर धक्क्याने खालचा स्लॉटच उखडेल. मग त्याने कॅबिनेटच्या पाठीवरचं लाल बटण दाखवलं. एकीकडे 115, दुसरीकडे 230. नवे पॉवर सप्लाय 100 पासून 240 पर्यंत काहीही मुकाट्याने पचवतात. हा जुना, त्याला सांगावं लागतं. आपल्या भिंतीत 230 व्होल्ट, तिकडच्या भिंतीत 120. बटण 230 वरच ठेवून तिकडे लावला, तर बिचारा सुरूच होत नाही, गप्प बसतो. पण 115 वर ठेवून इकडे लावला, की धडाम! परदेशातून आलेली आपली माणसं पहिल्याच आठवड्यात रस्ते, हॉर्न आणि रांगा बघून का फुटतात, ते मला त्या दिवशी कळलं.

शेवटी भाच्याने हार्ड डिस्क तेवढी काढली आणि हातातल्या बॅगेत ठेवली. घरातले सगळे फोटो त्या वहीएवढ्या डबीत मावले. कुकरही गेला.

खोकं ताईकडे आहे. वर क्रोशाचं आच्छादन, पुढच्या बाजूला कुंकवाचं स्वस्तिक. दसऱ्याला झेंडू वाहते. सुरू होत नाही म्हणून कंपनीला नावं ठेवते.

तेव्हा जाणाऱ्यांनो, डिस्क न्या, खोकं आईला ठेवा. आणि परत याल तेव्हा आधी बटण बघा. कॉम्प्युटरचंही आणि स्वतःचंही.