कोरडा तांडेल

दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, खाडीकाठची कुठलीही जेटी घ्या. ट्रेलरवरून होडी येताना दिसली की कोरडा तांडेल हजर होतो. तो कुठून येतो ते कळत नाही, पण उताराच्या बरोबर मधोमध उभा राहतो. पँट घोट्याच्या वर दुमडलेली, चपला मात्र कोरड्या ठणठणीत. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या!" ही त्याची सलामी, "अरे थांब ना!" हे भरतवाक्य. मधल्या वेळात "डावीकडे काप" असं तो चारदा ओरडतो. डावी बाजू त्याची की ड्रायव्हरची, हा खुलासा करणं त्याला कमीपणाचं वाटतं. होडी पाण्यात जाऊन बुडाशी पाणी साचू लागलं, की तो शांतपणे विचारतो, "बूच लावलं होतं ना?"

माझं म्हणणं असं की त्याचा दोष बडबडीचा नाही, समजुतीचा आहे. होडी उतरवणं हे ताकदीचं आणि आरडाओरड्याचं काम आहे, असं तो धरून चालतो. आठशे किलोची होडी आठास एक अशा चढावर ओढायची तर घर्षण सोडूनही शंभर किलोचा जोर लागतो. तीच होडी तरंगू लागली की एक माणूस एका दोरीने फिरवतो. म्हणजे खरं काम पाण्याचं. ट्रेलर कमी बुडवला तर होडी घासत ओढावी लागते. फार बुडवला तर ती तरंगत आडवी होते आणि ट्रेलरवर नीट बसतच नाही. आपल्या खाडीचं पाणी इतकं गढूळ की बुडालेला ट्रेलर दिसत नाही. त्यावर सोपा इलाज म्हणजे ट्रेलरच्या मागच्या दोन कोपऱ्यांना दोन उभे पाइप. पाण्यावर डोकावणाऱ्या त्या पाइपांच्या मधून होडी आणली की झालं. रिव्हर्सचंही तसंच. स्टिअरिंग खालच्या बाजूने धरावं. ट्रेलरचं मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडे हात सरकवावा. हे पाइप आणि तो हात ओरडत नाहीत, म्हणून कोरड्या तांडेलाचा त्यांच्यावर विश्वास नाही.

कोणी म्हणेल, मागे बघायला माणूस नको का? हवा की! पण एकच, आरशात दिसेल अशा जागी उभा राहून हाताने खुणा करणारा. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोळीवाड्यात होडी ओढताना "हैया"ची हाक देणारा असतोच, मग यालाच का बोलायचं? कारण हाक देणाऱ्याचा खांदा होडीला असतो. सगळ्यांचा जोर एका क्षणी पडावा म्हणून ती हाक आहे. कोरड्या तांडेलाच्या हाकेने सगळे एकाच क्षणी थांबतात, फार तर एवढंच.

तिसरा आक्षेप नोकरदारांचा: सुट्टी रविवारीच मिळते, भरतीची वाट कोण बघणार? पण भरती अचानक टपकत नाही. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरची भरतीची वेळ ढोबळमानाने निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हा हिशेब किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना तोंडपाठ असतो. उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्याही वर जाऊ शकतो; ओहोटीला उतार संपून पुढे नुसता चिखल उरतो आणि काँक्रीटवरचं शेवाळ उघडं पडतं. त्या शेवाळावर गाडीची चाकं जागच्या जागी फिरू लागली, की कोरड्या तांडेलाचा भाव वधारतो. कॅलेंडर बघून आलेल्या माणसाच्या होडीत त्याला रस नसतो. बिनबोभाट उतरलेली होडी पाहून तो "नशीबवान आहात" म्हणतो आणि दुसरं गिऱ्हाईक शोधतो.

त्याला हाकलून देणं मात्र शहाणपणाचं नाही. एक तर तो जात नाही. आणि होडी ट्रेलरवरून सुटते त्या घटकेला नाळेचा दोर धरायला एक माणूस खरंच लागतो. तो दोर त्याच्या हाती द्यावा. दोन्ही हात गुंतले की निम्म्या सूचना आपोआप कमी होतात. फक्त दोराचं दुसरं टोक होडीला बांधलंय ना, ते आधी आपण पाहून घ्यावं. तो विचारेल, पण होडी घारापुरीच्या दिशेला लागल्यावर.