पहिला की दुसरा?

आमच्या चिरंजीवांची गाडी शून्यावरून 100 किलोमीटरचा वेग आठ-नऊ सेकंदांत गाठते. ही माहिती घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी मिळते. त्यावर बायको न चुकता विचारते, "आणि नळ स्टॉप कितीत गाठते?"

गाडीचा दोष नाही. तिचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स शर्यतीच्या घराण्यातला. पोर्शेने 1980च्या दशकात तो आपल्या 956 आणि 962 या शर्यतीच्या गाड्यांवर घासूनपुसून घेतला होता. आत दोन क्लच: एकाकडे 1, 3, 5, 7 हे गिअर, दुसऱ्याकडे 2, 4, 6. गाडी दुसऱ्यात पळत असतानाच तिसरा तयार असतो. एक क्लच सोडतो, दुसरा धरतो, की झालं. मोकळ्या रस्त्यावर गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नाही.

कर्वे रस्त्यावर मात्र सगळं कळतं. मी दुसऱ्यात. संगणकाची समजूत अशी, की हे गृहस्थ आता वेग वाढवणार. म्हणून त्याने तिसरा काढून ठेवलेला. तेवढ्यात उलट्या दिशेने एक स्कूटर येते, हँडलला कोथिंबिरीची पिशवी, चेहऱ्यावर चूक माझी असल्याचा भाव. ब्रेक! आता हवा पहिला. पण पहिला आणि तिसरा एकाच क्लचच्या पदरात, त्यामुळे तिसरा परत ठेवून पहिला काढेपर्यंत मी ॲक्सिलरेटर दाबलेला असतो. काही घडत नाही. आणखी दाबतो. इंजिनाचे फेरे कमी, धूर कमी, म्हणून टर्बोही डुलक्या घेतोय. मग दोघं एकदम जागे होतात आणि गाडी पुढच्या रिक्षाच्या 'आईचा आशीर्वाद'वर झेप घेते. मागे बसलेली आई "अगं बाई!" म्हणते आणि पर्स छातीशी धरते.

ताशी दहाच्या आसपास तर विचारूच नका. लग्नाच्या हॉलबाहेर पाकिटात पाचशे एक घालावेत की अकराशे, या विवंचनेतल्या काकांसारखी ती पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये घोटाळत राहते.

"बाबा, ब्रेक अर्धवट दाबून सरपटत नेऊ नका," चिरंजीव सांगतात. "ड्राय क्लच आहे. प्लेटा एकमेकींवर घासतात, तापतात. पुढे एका गाडीची जागा मोकळी होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून निघा." शास्त्र चोख आहे. फक्त पुण्यात एका गाडीची जागा मोकळी होणं म्हणजे काय, हे गिअरबॉक्स बनवणाऱ्याला कोणी सांगितलेलं नाही. त्या जागेत आधी तीन दुचाक्या येतात, मग रिक्षाचं पुढचं चाक, आणि पाठोपाठ पीएमपीच्या बसचं नाक. मागचे हॉर्न वाजवतात, ते वेगळंच.

सोसायटीच्या तळघराचा चढ हे शेवटचं प्रकरण. वर वळणावर कोणी आलं की चढावरच थांबायचं, पुन्हा निघायचं. जळका वास येतो. वॉचमन आपुलकीने विचारतो, "साहेब, नवीन शिकताय का?"

बायकोची जुनी ऑटोमॅटिक टॉर्क कन्व्हर्टरची आहे. तिच्यात घसराघसरी काय ती तेलात होते, प्लेटांवर नाही. त्यामुळे ती मुंगीच्या पावलाने दिवसभर सरपटेल. शंभराला पोचायला तिला किती वेळ लागतो, हे कोणी मोजलेलं नाही. वेळही नव्हता, रस्ताही नव्हता.

परवा चिरंजीवांनी नवा तोडगा काढला. "गर्दीत मॅन्युअल मोडला टाका. पहिलाच धरून ठेवा."

"म्हणजे गिअर हातानेच टाकायचा?" बायको म्हणाली. "मग ऑटोमॅटिकचे जादा पैसे कशाचे?"

"आई, ते एक्सप्रेसवेसाठी."

एक्सप्रेसवेवर वेगमर्यादा 100, आणि वर कॅमेरे. म्हणजे आठ-नऊ सेकंदांत तिथे पोचायचं आणि घाट लागेपर्यंत तिथेच बसून राहायचं. बायकोने जुन्या गाडीची किल्ली उचलली आणि ती मंडईत गेली.