नाक लांब, डोळा बारीक

जुना झूमवाला फिल्म कॅमेरा घ्यायला निघाला असाल तर एक करा. कॅमेऱ्याच्या तोंडावर जो मोठा आकडा छापलेला असतो, १०५, १४०, १६०, काय असेल तो, त्यावर अंगठा ठेवा आणि मग कॅमेरा बघा. तो आकडा तुमच्यासाठी नाहीच. तो १९९५ सालच्या दुकानातल्या काचेच्या कपाटासाठी आहे. शेजारच्यावर ११५ लिहिलंय ना, मग ह्याच्यावर १२० पाहिजे. एवढंच त्यामागचं प्रकाशशास्त्र.

ही शर्यत सुरू केली पेंटॅक्सने. १९८६ मध्ये त्यांनी ‘झूम ७०’ आणला. ३५ ते ७० मिलिमीटर, आपला आपण फोकस करणारा, खिशात नाही तरी पिशवीत मावणारा. छोट्या कॅमेऱ्यांच्या बिरादरीत झूम आलं ते तिथून. तिथेच थांबले असते तर हे सदर लिहायची वेळ आली नसती. पण थांबतोय कोण? ऑलिंपसने म्यू मालिकेत १४० आणला, मग १७०. पेंटॅक्सने एस्पिओ १६० काढला आणि समाधान झालं नाही म्हणून एस्पिओ २००. ह्या शेवटच्या महाशयांचं भिंग सुरूच ४८ पासून होतं. अठ्ठेचाळीस! लांबच्या देवळाचा कळस दिसावा म्हणून जवळची माणसं चौकटीबाहेर.

जवळच्या माणसांचा हिशोब करून बघा. पस्तीसच्या फिल्मची चौकट ३६ मिलिमीटर रुंद असते. तीन मीटरवरून २८ च्या भिंगातून बघितलं तर साधारण ३.८५ मीटर रुंदी मावते. ३८ च्या भिंगातून २.८५. फरक एक मीटरचा. एक मीटर म्हणजे दोन आत्या, किंवा एक मामा आणि त्यांचा मान. वन बीएचकेतलं बारसं डोळ्यापुढे आणा. फोटो काढणारा मागे सरकत सरकत फ्रिजला टेकलाय, ‘अजून थोडं आत या’ म्हणून ओरडतोय, आणि कडेच्या आत्याचा अर्धा चेहरा कायमचा इतिहासजमा होतोय. अशा वेळी हातात १६० असून काय उपयोग? पुढे जायला आपल्याला पाय दिलेत. मागे भिंत आहे.

म्हणून झूम बघताना छोटा आकडा बघावा. तो भिंगाच्या कडेला, बारीक अक्षरात, वाचता येऊ नये अशा बेताने लिहिलेला असतो. बहुतेकांवर ३८ सापडेल. २८ सापडला तर भाव करायला बसा.

आता डोळ्याकडे वळू. त्याच कडेला आणखी दोन आकडे असतात, ते ॲपर्चरचे, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या छिद्राचे. त्या म्यू झूम १४० वर एफ/४ ते एफ/११ असं आहे. म्हणजे नाक, अर्थात भिंगाची नळी, आत असताना जेवढा उजेड फिल्मवर पडतो, त्याच्या जेमतेम आठवा हिस्सा नाक पूर्ण बाहेर आल्यावर पडतो. आणि ते बाहेर येताना मोटर अशी घरघरते की काहीतरी थोर घडतंय असं वाटावं.

शंभर आयएसओचा रोल आहे, माणूस झाडाच्या सावलीत उभा आहे, आपण १४० वर आहोत. शटर साधारण १/२५ सेकंदाचं मिळेल. हातात धरलेल्या भिंगाचा जुना ठोकताळा असा की जितके मिलिमीटर तितक्याव्या भागाचं शटर, म्हणजे इथे किमान १/१४०. जवळपास सहापट कमी पडलं. हात कितीही स्थिर असो, फोटोत माणसाला दोन भुवया जास्त येणार. रोल ४०० चा घातला तर १/१०० पर्यंत कशीबशी मजल जाते. संध्याकाळ झाली की तेही गेलं.

मग कॅमेरा आपल्या अक्कलहुशारीने फ्लॅश मारतो. ह्या डब्यांचा फ्लॅश चणीला साजेसाच असतो. शंभरच्या रोलवर एफ/११ ला तो साधारण एक मीटर पोचतो, चारशेच्या रोलवर दोन. आता शाळेचं स्नेहसंमेलन आठवा. बाराव्या रांगेतून एक बाप उठतो, नाक पूर्ण बाहेर काढतो, स्टेजवर झाड झालेल्या आपल्या मुलीवर नेम धरतो आणि खटका दाबतो. धुऊन आलेल्या फोटोत अकराव्या रांगेतलं एक टक्कल लख्ख उजळलेलं असतं आणि त्यापलीकडे काळोख. त्या काळोखात कुठेतरी झाड आहे, हे बापाने पाहुण्यांना वर्षानुवर्षं समजावून सांगायचं.

एवढं असून तेव्हा कुणी बोंब का मारली नाही? कारण रंगीत निगेटिव्ह मोठ्या मनाची असते. उजेड थोडा जास्त झाला तरी सांभाळून घेते, किंचित कमी झाला तरी फार तक्रार करत नाही. आणि लॅबमधलं मशीन प्रिंट काढताना उरलीसुरली चूक दुरुस्त करायचं. चार बाय सहाच्या कागदावर हललेला फोटोही गोड दिसतो. आता तोच फोटो स्कॅन होऊन मोबाइलवर येतो आणि आपण दोन बोटांनी ताणून नातेवाइकाची पापणी तपासतो. आकड्यांचं पितळ उघडं पडायला तीस वर्षं लागली.

ज्यांना गिऱ्हाइकाच्या खिशाची फिकीर नव्हती ते काय करत होते, हेही बघण्यासारखं आहे. कॉन्टॅक्सचा टीव्हीएस, १९९३ चा, टायटॅनियमचं अंग, झाइसचं भिंग. झूम किती? २८ ते ५६. लायकाचा मिनीलक्स झूम, तोही टायटॅनियमचा. ३५ ते ७०. दुप्पट, बस्स. ह्या दोन्ही महागड्या कॅमेऱ्यांनी दुप्पटीवर हात जोडले. चौपट-पाचपट झूम मिळालं ते प्लास्टिकवाल्यांच्या गिऱ्हाइकांना. ह्यातला योगायोग ज्याने त्याने शोधावा.

कॉन्टॅक्सचं नाव काढलंच आहे तर सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. त्यांच्या बिनझूमच्या टी-२ वर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात मॉडेल केंडल जेनर भाळली, आणि तेव्हापासून त्याचा भाव जमिनीवर उतरलेला नाही. ऑलिंपसच्या बिनझूमच्या म्यू-२ लाही प्रसिद्धीची तीच बाधा झाली. त्यांची झूमवाली भावंडं मात्र अजून सावत्र वागणूक भोगतायत. दिसायला साबणाची वडी, अंगावर सोनेरी शाई, नावात ‘सुपर’ नाहीतर ‘डीलक्स’. इन्स्टाग्रामवर मिरवायला निरुपयोगी, म्हणूनच परवडणारी. पेंटॅक्सच्या एस्पिओ ९२८ वर मी पैसे लावीन. २८ ते ९०, आणि नावातच दोन्ही टोकं घालण्याचा प्रामाणिकपणा. मिनोल्टाचा रिवा झूम ७५डब्ल्यू, २८ ते ७५, हाही सज्जन. सत्तर-नव्वदपर्यंतचं झूम खरोखर कामाचं असतं, कारण जवळ जाऊन २८ ने चेहरा टिपला तर माणसाचं नाक आधी पोचतं आणि माणूस मागून येतो. सत्तरला चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. सासूबाईंचा फोटो काढताना हे ध्यानात ठेवा.

हे मिळणार कुठे? नवं कोरं कुणी देत नाही. २०२४ मध्ये पेंटॅक्सने ‘१७’ नावाचा फिल्म कॅमेरा नव्याने काढला तेव्हा बातम्या झाल्या, पण त्यात झूम नाही. एका चौकटीत दोन फोटो आणि अंगठ्याने रोल पुढे सरकवायचा. झूमवाला हवा तर दुसऱ्याच्या हातचाच. परदेशी विक्रेते प्रत्येक डब्याला ‘मिंट’, म्हणजे नव्यासारखा, म्हणतात. त्यातही ‘टॉप मिंट’ असतं, आणि खाली बारीक अक्षरात ‘भिंगात किंचित बुरशी’. मुंबईत चोर बाजारची मटण स्ट्रीट आहे, तिथे निदान वस्तू हातात घेता येते. पण सगळ्यात आधी नातेवाईक. आपल्याकडे घरोघरी कोडॅकचा केबी-१० किंवा याशिकाचा एमएफ-२ असायचा, दोन्ही बिनझूमचे. झूमवाला असायचा तो दुबईहून आलेल्या मावसभावाचा. सेल संपला, तसला सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला नाही, आणि कॅमेरा शोकेसमध्ये ताजमहालाशेजारी जाऊन बसला. तो मागा. लग्नाला न बोलावल्याचा राग असेल तर आधी तो मिटवा.

जाताना सेल सोबत न्या, बहुधा सीआर-१२३ए, कधी सीआर-२. सेल घालून नाक पूर्ण बाहेर, पूर्ण आत, असं पुन्हा पुन्हा करा आणि कान द्या. मध्येच अडखळलं तर नमस्कार करून उठा. ह्या कॅमेऱ्यांच्या पोटातली वायरींची पट्टी प्रत्येक झूमबरोबर वाकत आलेली असते. ती तुटली की दुरुस्त करणारा माणूस शोधणं कॅमेरा शोधण्यापेक्षा अवघड. घरी उघडून बघायचा उत्साह आवरा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या आसपास व्होल्ट साठलेले असतात आणि ते सेल काढल्यावरही राहतात. कोकणातला किंवा मुंबईतला कॅमेरा असेल तर भिंगात टॉर्च मारा. पांढऱ्या तंतूंची जाळी दिसली तर ती बुरशी, पावसाळ्यागणिक पिकलेली. मागचं दार उघडून कडेचा काळा फोम बोटाला चिकटतो का पाहा. चिकटला तर उजेड आत शिरणार.

रोल ४०० चाच घ्या. डब्यावरचे चंदेरी-काळे चौकोन वाचून कॅमेरा आयएसओ ठरवतो. चौकोन नसलेला रोल घातला तर बरेचसे कॅमेरे त्याला मुकाट्याने शंभरचा धरतात आणि आपल्याला विचारत नाहीत. फ्लॅशचंही तेच. आपण बंद करायचा, कॅमेरा मिटला-उघडला की तो पुन्हा हजर. प्रत्येक वेळी बंद करावा लागतो. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून आज एका खटक्याला तीस-चाळीस रुपये पडतात, तेव्हा फ्लॅश बंद करायचं बटण कुठे आहे ते पाठ करा.

आणि तारीख. कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख उमटवणारे ह्यातले काही कॅमेरे २०१९ पर्यंतचंच कॅलेंडर जाणतात. त्यापुढे कुणी फिल्म वापरेल असं कारखान्याला वाटलं नव्हतं. उपाय म्हणून पोरं सरळ ’९८ लावून मोकळी होतात. मग २००३ मध्ये जन्मलेला मुलगा ’९८ सालच्या फोटोत आयफोन हातात धरून उभा. तारीख बंद करायचं बटण सहसा मागच्या दारावर असतं, टोकदार पेन्सिलीने दाबायचं. ते चालतं का, हे पैसे द्यायच्या आधी बघून घ्या.