कडोदऱ्याचे महाराज

मराठी माणूस सुरतेवर दोनदा चाल करून गेला, 1664 आणि 1670 साली, आणि दोन्ही वेळा परत आला. पुढे तो गेला तो डबा, वळकटी आणि मामेभावाचा पत्ता घेऊन, आणि तिथलाच झाला. धुळे, नंदुरबार, जळगावकडची ही माणसं आधी लिंबायत-उधन्यात मावली, मग गिरण्यांच्या मागे मागे कडोदऱ्यापर्यंत पसरली. मुंबई-दिल्ली महामार्ग आणि सुरत-धुळे रस्ता एकमेकांना छेदतात ते हे गाव. इथल्या चार रस्त्यावरून ट्रक भारताच्या चारी दिशांना जातात. फक्त आपल्याला पलीकडे जाता येत नाही.

फ्रेंच प्रवासी बर्निये याने लिहून ठेवलंय, की सुरतेच्या लुटीत शिवाजी महाराजांनी कापुचिन पंथाच्या फादर आंब्रोझ यांच्या घराला हात लावू दिला नाही. घरदार सोडून परमुलखात देवाचं काम करणाऱ्याला मराठी माणसाने त्रास द्यायचा नाही, हा दंडक तेव्हाच पडला म्हणायचा. आमची सोसायटी तो अजून पाळते. फक्त त्रास कशाला म्हणायचं याबद्दल मतभेद आहेत.

दर चातुर्मासात आमच्या विठ्ठलमंदिरात एक तरुण महाराज मुक्कामाला येतात. यंदाचे बावीस वर्षांचे आहेत. जोग महाराजांनी 1917 साली आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षं शिकून आलेले, गाव बीडकडचं. नकाशावर हा काही परदेश नव्हे. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. प्रवाशाला फलाटावर चालता चालता राज्य बदलता येतं. पण महाराजांना परदेश दुहेरी लागला. बाजारात गुजराती, आणि मंदिरात ज्यांच्यासाठी आले ते आपसात बोलतात अहिराणी. पहिले आठ दिवस ते दोन्हीकडे सारखंच गोड हसत होते.

दिवस सुरू होतो तो धोतरापासून. पांढरं धोतर पहाटे गच्चीवर वाळत घालावं आणि पूजेच्या वेळेला काढावं, तर डाइंग मिलच्या बॉयलरची काजळी त्यावर येऊन बसलेली. मग खोलीत दोरी बांधली. नाश्त्याला एका घरून लोचो, दुसऱ्या घरून पोहे आणि तिसऱ्या घरून ‘ते दोघं काय देतात ते माहीत आहे’ म्हणून कळण्याची भाकरी आणि ठेचा. ठेचा खाल्ला की आवाज बसतो आणि नाही खाल्ला तर माणसं रुसतात. आवाज बसला की ज्येष्ठमध, हळद-दूध, लवंग आणि कुणाच्या तरी दुबईच्या मेव्हण्याने पाठवलेल्या गोळ्या, असं सगळं एकाच संध्याकाळी दाखल होतं.

दुपारी महाराज रिकामे असतात, असा सोसायटीचा समज आहे. त्यामुळे बँकेचा फॉर्म भरायला, दवाखान्यात सोबतीला आणि माहेरी गेलेल्या सुनेला फोन करून चार शब्द सांगायला त्यांना बोलावतात. ज्ञानेश्वरीत या शेवटच्या कामाची तयारी झालेली नसते. संध्याकाळी मुलांचा हरिपाठ. मुलं गुजराती शाळेतली, त्यामुळे वहीत हरिपाठ गुजराती अक्षरांत उतरतो आणि पाठ मात्र बिनचूक होतो. शेजारच्या खोलीतले गंजामचे उडिया कामगारही टाळ घेऊन बसतात. त्यांना शब्दांची अडचण नाही, ठेका चुकला तर ते महाराजांकडे बघतात.

खरी परीक्षा प्रवचनाची. गिरणीत बारा बारा तासांच्या दोन पाळ्या, म्हणून प्रवचनंही दोन. रात्रीचं दिवसपाळीवाल्यांसाठी, सकाळचं रातपाळीवाल्यांसाठी. सकाळी ओवी वाचून अर्थ सांगायला मान वर करावी, तर निम्मा श्रोतृवर्ग झोपलेला. महाराजांनी आवाज चढवून पाहिला, दृष्टान्त वाढवून पाहिले. शेवटी एक म्हातारे टाळकरी म्हणाले, “महाराज, पोरं रातभर मशिनीच्या खडखडाटात उभी होती. तुमच्या आवाजात डोळा लागला, हे थोडं झालं का?” त्या दिवसापासून सकाळचं प्रवचन हळू आवाजात होतं.

अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाची पोरं अठराव्या वर्षापासून अशीच परमुलखात जातात, दोन वर्षांसाठी. पांढरा शर्ट, छातीवर नावाची पट्टी आणि सतत बरोबर एक जोडीदार. 2019 पर्यंत त्यांना वर्षातून दोनदाच घरी फोन करायची मुभा होती, आता आठवड्यातून एकदा आहे. आमच्या महाराजांची आई दिवसातून तीनदा फोन करते. वैराग्यावरचं निरूपण ऐन रंगात असताना खिशातला फोन थरथरतो आणि महाराजांचा हात नकळत तिकडे जातो. पहिल्या रांगेतल्या बायका म्हणतात, “घ्या, घ्या. आई काळजी करत असेल.”

थोरांच्या चरित्रात हे येत नाही. नामदेव पंजाबात गेले, घुमानला राहिले, त्यांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, एवढं आपल्याला माहीत असतं. पण घुमानचं पाणी त्यांना बाधलं का, पहिल्या थंडीत पांघरूण कुणी दिलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. उपदेश टिकतो, दिनक्रम गळून जातो. प्रत्यक्षात मात्र माणसं उलट क्रमाने लक्षात ठेवतात. मागच्या वर्षीच्या महाराजांनी बाराव्या अध्यायावर काय सांगितलं ते सोसायटीत कुणाला सांगता येणार नाही. पण डेंग्यू झालेल्या मुलाच्या उशाशी त्यांनी दोन रात्री काढल्या, हे सगळ्यांना पाठ आहे. आणि त्या मुलाचा बाप, जो पूर्वी मंदिराकडे फिरकत नसे, तो यंदा वर्गणीची पावती पुस्तकं घेऊन फिरतोय. बारावा अध्याय भक्तियोगाचा, तेव्हा तो अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

कार्तिकी जवळ आली तशी कमिटीची बैठक झाली. पुढच्या वर्षीही हेच महाराज हवेत, यावर एकमत. पण महिला मंडळाने एक अट घातली. तुकोबा प्रापंचिक, एकनाथ प्रापंचिक. मग वारकऱ्याला संसाराचं वावडं कसलं? मुलगी बघितलेली आहे, शिरपूरकडची, बी.कॉम. झालेली, आवाजही चांगला. पुढच्या चातुर्मासात महाराजांनी जोडीने यावं. मॉर्मन पोरांना जोडीदार त्यांचा पंथ नेमून देतो, आमच्याकडे हे खातं कमिटीने स्वतःकडे ठेवलंय. महाराज लाजून म्हणाले, “आईला विचारून सांगतो.” त्यावर खजिनदारांनी शांतपणे सांगितलं, की आईंचा होकार परवाच आलाय, फोन नंबर सगळ्यांकडेच आहे.