पटीकाका

प्रत्येक सोसायटीत एक पटीकाका असतात. आमचे बँकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि व्युत्पत्तीच्या नादी लागले. आडनाव वेगळंच आहे. पण अख्खी सोसायटी त्यांना 'पटवर्धन' म्हणते, आणि त्यांना ते आवडतं.

कुरियरवाला दारात उभा. "काका, ओटीपी?"

"क्वाड्रुपल सेव्हन."

"आँ?"

"चार वेळा सात, बाळा. डबल-ट्रिपलपाशीच का अडता तुम्ही लोक? लॅटिनमध्ये दुप्लुस, ट्रिप्लुस, तसंच क्वाड्रुप्लुस. तिन्ही अस्सल रोमन. क्विंट्युपल मात्र मागाहून त्याच साच्यात ओतलेलं..."

क्विंट्युपल येईतो ओटीपीची मुदत संपते. नव्या ओटीपीत एकही आकडा दोनदा येत नाही, त्यामुळे काका खट्टू.

बिल्डरच्या एजंटाने त्यांना 'तीन मजली डुप्लेक्स' दाखवला, हे त्याचं दुर्दैव. "प्लिकारे म्हणजे घडी घालणं. डुप्लेक्स दोन घड्यांचा. तीन मजले असतील तर ट्रिप्लेक्स म्हणा! मल्टिप्लायच्या पोटातही तीच घडी. आपली दुघडी, चौघडी, तसंच."

"अहो," काकू आतून म्हणतात, "एवढं प्लिकारे येतंय तर दोरीवरच्या चादरी काढा आणि घाला घड्या."

काका सिम्प्लेक्सवर घसरतात. चादरी दोरीवरच राहतात.

माहिती खोटी असती तर दुर्लक्ष करता आलं असतं. ती पक्की असते, हाच त्रास. इंग्रजीचं घरचं नाणं वन्स, ट्वाइस, थ्राइसपाशी संपतं आणि पुढे फोर टाइम्स म्हणत दिवस काढावे लागतात, हे मलाही त्यांच्याकडूनच कळलं. जिन्यात, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना.

परवा सर्वसाधारण सभा होती. सचिवांनी नोटीस वाचली : "देखभाल खर्च 2,000 रुपये. त्यात दोन पटीने वाढ प्रस्तावित."

सगळ्यांनी मनात 4,000 धरले. कुरकुर झाली, पण माना डोलायला लागल्या होत्या.

काका उठले. "हरकत! दोन पट होणं वेगळं, दोन पटीने वाढणं वेगळं. मूळ दोन हजार, वाढ त्याच्या दुप्पट, म्हणजे चार हजार. एकूण सहा. हे डबल नव्हे, ट्रिपल झालं!"

सभागृहात शांतता. सचिवांनी चष्मा लावला, कॅल्क्युलेटर काढला आणि अत्यंत आदराने म्हणाले, "पटवर्धन, जरा पुन्हा सांगता? इतिवृत्तात घेतो."