अहो ते अगं

पेरूचे क्रेट गाडीत चढले, हातपाय धुऊन झाले, की राहात्यातल्या कितीतरी घरांत मोबाइलवर कोरिया सुरू होतो. माझी भाची बारावीला आहे. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' ही कोरियन मालिका तिने खालच्या इंग्रजी ओळी वाचत दोनदा पाहिली. घरातली मोठी माणसं तिला बोल लावतात, "काय त्या गुळगुळीत पोरांकडे बघत बसतेस!" हे बोल मला पटत नाहीत.

त्या मालिकेत आहे तरी काय? दक्षिण कोरियातली श्रीमंत मुलगी वादळात सापडून उत्तर कोरियात जाऊन पडते आणि तिथला एक लष्करी कॅप्टन तिला लपवतो. तिच्यासाठी तो हाताने शेवया करतो, कॉफीचे दाणे भाजतो, बाजारात ती हरवते तेव्हा पेटती मेणबत्ती उंच धरून उभा राहतो. अंगचटीला येत नाही, वाट बघतो. हा पुरुष बाईच्या लेखणीतून उतरला आहे. मालिकेची लेखिका पार्क जी-उन. एका जपानी कॉमिकचंही तसंच. योको कामिओ यांनी १९९२ मध्ये 'हाना योरी दांगो' मुलींच्या नियतकालिकात सुरू केलं. साध्या घरातली पोरगी बड्यांच्या शाळेत जाते आणि दादागिरी करणाऱ्या श्रीमंत मुलाला ठोसा लगावते. त्यावर २००१ मध्ये तैवानने, २००५ मध्ये जपानने, २००९ मध्ये कोरियाने मालिका काढली. कोरियन मालिकेत मुलीच्या बापाची लाँड्री आहे. इस्त्रीच्या टेबलाशी उभा असलेला बाप आमच्या मुलींना अनोळखी कसा वाटेल?

आणि भाषा! कोरियनमध्ये आदराने बोलायचं ते जोंदेमाल, अरे-तुरे करायचं ते बानमाल. मालिकेतली दोघं कितीतरी भाग एकमेकांशी अदबीने बोलतात, मग एक जण विचारतो, आता अरे-तुरे करू का? प्रेम कबूल होतं ते तिथे. खालच्या इंग्रजी ओळींत दोन्हीकडे एकच 'यू'. पण 'अहो' आणि 'अगं' मध्ये वाढलेल्या मुलीला आवाजावरून ती पायरी कळते. भाचीने मला असा एक प्रसंग दाखवला, तेव्हा तिने मोबाइल थांबवून तेवढंच पुन्हा ऐकवलं.

या मालिकांतही घरचे प्रेमाच्या आडवे येतात. श्रीमंत आई पैसा वापरते, धाक घालते, मुलाला दूर पाठवते. पण पोरं जिवंत राहतात, आणि मोठ्यांशी बोलणं चालू राहतं.

आपल्या जिल्ह्याचं काय? जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यातल्या सोनईत प्रेमप्रकरणावरून तीन दलित तरुणांचा खून झाला. २०१८ मध्ये नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात वरच्या जातीतल्या मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून टाकलं. २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. ही गावं कोरियात नाहीत, राहात्यापासून एसटीने जाता येईल इतकी जवळ आहेत. आपल्या मुलींनी या बातम्या ऐकल्या आहेत. कोणाशी बोलायचं, कोणाशी नाही, हे त्यांना कोणी वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून मुलगी पडद्यावर वाट बघणारा, विचारणारा मुलगा शोधत असेल, तर तिला वेड लागलेलं नाही. तिला काय हवं ते नीट कळलं आहे. पोरं बिघडतात ती अशा गोष्टींनी नाही, घरात कोणी ऐकून घेत नाही म्हणून.

राहात्यातल्या आईबापांना माझी विनंती आहे. आज रात्री जेवणं झाल्यावर मुलीशेजारी बसा, एक भाग तिच्याबरोबर पाहा. मुलगा असेल तर त्यालाही बसवा. मग यातलं काय आवडलं ते तिला विचारा, आणि ती बोलत असताना मध्ये तोडू नका.